रुमालाखालचा हात

त्या सकाळी तात्यांनी सदऱ्याची बटणं स्वतः लावली.

पुण्यातल्या माझ्या घरी मी ओट्याशी डबा भरत होते. मागे वळले तेव्हा ते खिडकीतल्या उजेडात उभे होते आणि त्यांचा उजवा हात गळ्यापासून खाली, एकेक काज शोधत, न थबकता उतरत होता. दोन वर्षं ज्या हाताकडे आम्ही सगळे चोरून पाहत आलो होतो, तोच हात. शेवटचं बटण लागलं. तात्यांनी हात डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला, एखाद्या खोंडाचा खूर उचलून पाहावा तसा.

"पारू, हिकडं ये. बघ की गं हे."

"बघतेय, तात्या."

"तिकडनं न्हवं. जवळ येऊन बघ. हालतोय का कुटं?"

मी जवळ गेले. त्यांचा तळवा उजेडात पसरला होता. तो जसा पूर्वी असायचा तसा होता, जड, भेगाळलेला, आणि स्थिर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तात्या हसले. त्यांचा चेहरा अलीकडे हसत नसे. रागावलेले नसतानाही ते रागावल्यासारखे दिसत, आणि मुलं त्यांच्याजवळ जायला बिचकत. त्या सकाळी मात्र गालांवरच्या सुरकुत्यांना आपली जुनी वाट सापडली होती.

"गेल्ता कुटं आन् आला कुटनं, कुणास ठाव," ते हाताला म्हणाले. "बिऱ्या, आरं बघतूस का न्हाई?"

माझा धाकटा भाऊ बिरू कॉटच्या कडेवर बसला होता. चहा त्यानंच केला होता. "आक्का, तू डबा भर, मी च्या टाकतो," असं म्हणून त्यानं मला ओट्यावरून बाजूला केलं तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. आता त्यानं रिकामा कप उगाच पुन्हा तोंडाला लावला.

"बघतोय की तात्या," तो म्हणाला. "म्या म्हणलंच हुतं. पित्ताच्या गोळीचं इख हाय ते. उतरनार."

तात्या म्हणजे माझे वडील, येताळा बंडगर. माणदेशातल्या आमच्या गावाशेजारी दर रविवारी जनावरांचा बाजार भरतो. त्या बाजारात ते दलाली करत. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहायचं आणि बैलजोडीचं मोल ठरवायचं. पण ते मोल तोंडानं उच्चारायचं नाही. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या मनगटांवर पसरायचा आणि त्याच्या आडोशाला बोटांनी बोलायचं. एक बोट दाबलं तर एक आकडा, दोन मिळून धरली तर दुसरा. तळव्यावर अंगठा टेकला की सौदा पक्का. भोवती माणसांचं कडं पडलेलं असलं तरी भाव त्या दोन हातांनाच ठाऊक. लहानपणी मला वाटायचं, रुमालाखाली एखादं घाबरलेलं पाखरू आहे आणि तात्या त्याला निजवत आहेत.

मग त्या हातात कंप शिरला. आधी अंगठ्यात, मग पंजात. एका रविवारी रुमालाखाली तो अंगठा आपल्या मनानंच समोरच्याच्या तळव्यावर टेकला आणि समोरच्या घेणाऱ्यानं पडेल भावात सौदा पक्का धरला. तात्यांनी हाताचा शब्द फिरवला नाही. ज्याची जोडी होती तो म्हातारा मात्र रुमाल उचलल्यावर नुसता त्यांच्याकडे पाहत राहिला. त्यानंतर त्यांच्या हातात कुणी हात देईना. कुणी वावगं बोललं नाही. माणसं फक्त दुसऱ्या दलालाकडे वळू लागली. बिरू त्यांच्या जागी उभा राहायचा, पण बिरूला लोक रामराम घालत आणि पुढे जात. तात्यांचा हात परत आला तरच आमच्या घराला त्या बाजारात जागा होती.

पुण्यात मी शाळेत शिकवत होते. मीच त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे, डॉक्टर शरयू कर्णिकांकडे नेलं. त्यांनी तात्यांना चालायला लावलं, मनगट फिरवून पाहिलं, आणि दोन शक्यता सांगितल्या. एक तर हा कंपवात, ज्याला पार्किन्सन म्हणतात. किंवा हा त्या पित्ताच्या गोळीचा दोष, जी तात्या बाजारातल्या औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षं आणून चण्याफुटाण्यांसारखी खात आले होते. अशा काही गोळ्यांनी हात थरथरतात, पाय जड होतात, हुबेहूब कंपवातासारखं दिसतं. गोळी सोडून काही महिने वाट पाहू, त्या म्हणाल्या. महिने गेले. हात तसाच राहिला. तेव्हा त्यांनी मेंदूचा एक खास फोटो काढायचं ठरवलं. "गोळीचा दोष असेल तर फोटो स्वच्छ येईल, आणि हे सगळं हळूहळू ओसरेल," त्या म्हणाल्या. दुसऱ्या शक्यतेबद्दल आम्ही विचारलं नाही, आणि त्यांनीही तेव्हा सांगितलं नाही.

बिरूनं मात्र बाजारभर सांगून ठेवलं, की तात्यांना रोग नाही, गोळी बाधली आहे, आणि पुण्याच्या मशीनचा तसा दाखला घेऊनच ते परत येणार आहेत.

फोटोच्या आधीच्या आठवड्यात गावाहून फोन आला: हात थांबतोय.

त्या बटणांच्या सकाळीच इस्पितळात आधी तात्यांच्या दंडात सुई टोचली. ते किरणं सोडणारं औषध मेंदूपर्यंत पोहोचायला काही तास लागतात. तोवर बाहेर बसायचं, भरपूर पाणी प्यायचं, लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून दूर राहायचं. सुई देणारी मुलगी कागदावर खुणा करत विचारत होती.

"आजोबा, सध्या कुठलं औषध चालू?"

"काय न्हाई. पित्ताची गोळी हुती, तीबी सोडली."

"नवीन काही?"

"सांगितलं की पोरी, काय न्हाई."

बिरू खिडकीबाहेर पाहत होता.

बाहेरच्या बाकांवर एक बाई बाळ घेऊन बसल्या होत्या. तात्या आपणहून उठले आणि भिंतीकडच्या टोकाला जाऊन बसले. "आज आमी इखारी हाय," ते त्या बाईंना हसत म्हणाले. "सांच्यापातूर बाळाला लांबच बरं." मग मला म्हणाले, "बस हितं. हात आन तुजा."

"कशाला?"

"आन तरी."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल आमच्या दोघांच्या मनगटांवर टाकला. इतक्या वर्षांत रुमालाखालचा हात मला कधी मिळाला नव्हता. बायकांना तो मिळत नसे. त्यांची बोटं माझ्या बोटांवर चालू लागली, मंद आणि ठाम, जणू काळोखात कुणी ओळखीच्या घराच्या पायऱ्या चढत होतं.

"सांग, किती झालं?"

मी चुकीचा आकडा सांगितला.

"आता गं बया! यवढी शिकली आन् एका बोटाला भुलली. तुज्या भरवशावर जोडी सोडली तर मानूस नुसतं दावं घिऊन घरी जाईल."

"मग शिकवा की नीट."

"शिकिवतो. ह्ये बघ. आन् आता ह्ये." अंगठा माझ्या तळव्यावर टेकला, आणि टेकूनच राहिला. "झाला सौदा."

"कशाचा?"

"ते न्हाई सांगायचं. रुमालाखालचं रुमालाखाली."

समोरच्या बाई हसल्या. तात्यांनी ऐटीत रुमाल झटकला आणि बिरूकडून फोन मागून घेतला. त्यांचं जुनं गिऱ्हाईक, खिल्लार बैलांचे व्यापारी मुबारक मुलाणी, त्यांना लावला.

"मुबारक? आरं म्या बोलतोय. हां, पुन्यातनं. मेलो न्हाई अजून, तुजं देनं बाकी हाय. ऐक. येत्या रईवारी ती सावंतांची जोडी कुनाच्या हातानं घिऊ नगंस. माज्या हातानं घे. हां, माज्या. आरं आलाय म्हनून सांगतोय न्हवं का! खरंच. पारू बसलीया हितं, तिला इचार."

मी फोन घेतला. "होय, भाई," मी म्हणाले, "अगदी पूर्वीसारखा."

पलीकडून मुबारकभाई म्हणाले, "अल्लाचा शुकर हाय, ताई. ह्या दोन वरसांत मला एक सौदा मनासारखा झाला न्हाई."

यंत्रात तात्यांचं डोकं पट्टीनं बांधलं. काचेआडून मी पाहत होते. यंत्राचे दोन मोठ्या थाळ्यांसारखे डोळे त्यांच्या कपाळाभोवती फार हळू फिरत होते, आणि ती फेरी संपूच नये असं मला वाटत होतं. छातीवर ठेवलेला हात अखेरपर्यंत निश्चल होता. मुलगी बाहेर आली तेव्हा म्हणाली, "आजोबा किती शांत पडून राहिले! नाहीतर हलतातच हो पेशंट." बिरूनं सुस्कारा सोडला. मला तो आनंदाचा वाटला.

संध्याकाळी डॉक्टर कर्णिकांनी आम्हाला खोलीत बोलावलं. संगणकाच्या पडद्याची पाठ आमच्याकडे होती.

"काका, चाला जरा."

तात्या चालले. पाऊल उचललं जात होतं, हात कडेनं झुलत होता. डॉक्टरांनी अंगठ्यावर बोट आपटायला सांगितलं. ते आपटत राहिले, लयीत. डॉक्टरांनी मनगट धरून फिरवलं. मला राहवलं नाही.

"उतरला ना दोष, डॉक्टर? गोळीचाच होता ना?"

डॉक्टरांनी तात्यांचं मनगट सोडलं नाही.

"काका, हे कधीपासून?"

"झालं की हप्ताभर. आपसुक."

"आपसूक होत नाही हे," त्या हळू म्हणाल्या. "इतक्या दिवसांत काहीतरी पोटात गेलंय. आठवा."

"बाई, भाकरी आन् च्या. दुसरं काय न्हाई."

मग बिरू खुर्चीवरून उठला. शाळेत उभं केल्यासारखा.

"म्या दिलीया," तो म्हणाला.

"काय?"

"गोळी. आमच्या गावच्या गुरव गुरुजींना हाय ह्योच रोग. त्यांचा हात गोळी घेतली की थांबतो, म्या डोळ्यानं बघितलं. त्यांच्याकडनं मागून आनली. कुटून च्यात घालत हुतो." तो माझ्याकडे वळला. "आक्का, तसं बघू नगंस. मशीनमधी हात हालला असता तर रोग म्हनून लिवलं असतं की न्हाई? म्हनलं, यवढा एक दिस थांबावा. फोटो चांगला यावा. मग काय बी हू दे." आणि डॉक्टरांना: "बाई, ह्येच्यानं फोटो बिघडला काय?"

डॉक्टर कर्णिकांनी चष्मा काढला. मला वाटलं त्या चिडतील. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "फोटोला हात दिसतच नाही, भाऊ. फोटो आतला असतो. तुमच्या गोळीनं तो चांगला होत नाही आणि वाईटही होत नाही."

"मग झालं तर!"

"बसा." त्यांनी तात्यांकडे पाहिलं. "काका, तुमच्याकडे पाण्याचं कसं आहे?"

"माणदेश हाय बाई. पान्याचं काय इचारता?"

"समजा, घरात पाणी येत नाही. दोन कारणं असू शकतात. विहीर भरलेली आहे, पण पाइप तुंबलाय. किंवा विहीरच आटली. पित्ताच्या गोळीनं पाइप तुंबतो. नळाला थेंब येत नाही, पण विहीर शाबूत असते, फोटोत ती उजळ दिसते. कंपवातात विहीर आटत जाते."

"बरं."

"पाइप तुंबलेला असला, तर बाहेरून विहिरीत कितीही पाणी ओता, घरात फारसं काही येत नाही. पण विहीर आटली असली आणि पाइप मोकळा असला..."

तात्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. तोच हात.

"म्हंजी पोरानं टँकर आनला," ते म्हणाले.

"हो."

"आन् टँकरचं पानी घरात आलं. म्हंजी हीर आटल्याली हाय."

डॉक्टरांनी हळूच मान डोलावली. मी तात्यांच्या हाताकडे पाहत होते. तो मांडीवर निवांत पडला होता, आणि सकाळपासून ज्या निवांतपणाला मी मनातल्या मनात ओवाळत होते, त्याच्याकडे आता मला बघवेना. तो निवांत होता म्हणूनच सगळं संपलं होतं. थरथरत आला असता तर निदान फोटोपर्यंत तरी आम्हाला आशा असती.

"फोटो दावा," तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी पडदा वळवला. काळोखाच्या मधोमध दोन उजेड होते. शेजारी त्यांनी दुसऱ्या कुणाचा, निरोगी माणसाचा फोटो लावला. त्यात ते दोन उजेड वळणदार होते, समोरासमोर झुकलेले, सारखे. तात्या पुढे वाकले. दावणीला बांधलेली जोडी ते जसे दुरूनच जोखत, तसे त्यांचे डोळे बारीक झाले.

"शिंगं हायती ही," ते म्हणाले. "खिल्लाराची. कशी डौलदार." मग त्यांनी स्वतःच्या फोटोकडे बोट नेलं. "आन् ह्यो आमचा. डावं शिंग बुडाशी ऱ्हायलंय नुसतं. उजवंबी झडाय लागलंय."

"हो, काका."

"परत फुटत न्हाई?"

"नाही."

"टँकर किती वरसं येतो?"

"काही वर्षं चांगला येतो. पुढे फेऱ्या वाढवाव्या लागतात. मग पाणी येतं, पण टिकत नाही." त्यांनी कागद पुढे ओढला. "मी गोळी रीतसर लिहून देते. हात आता चालतोय तसा बराच काळ चालेल. तुम्ही कामावरही जाऊ शकता. इतक्यात हार मानायचं कारण नाही."

त्या मनापासून बोलत होत्या. बिरूच्या चेहऱ्यावर हलकेच रंग परतला.

बाहेर, इस्पितळाच्या पायऱ्यांवर, तात्या बसले. रस्त्यावरचे दिवे लागत होते.

"कशात म्हनलास? च्यात?"

"व्हय, तात्या."

"कडू लागली न्हाई ती मला. वासबी आला न्हाई." त्यांनी तळवा नाकाशी नेला. "वास तर कवाचा गेलाय. म्या म्हनलं, आता शेणाला वास न्हाई ऱ्हायला पैल्यासारखा."

"तात्या, चुकलं माजं."

"चुकलं कशापायी? बाजाराच्या दिशी जनावर उभं करायचं तसं उभं केलंस मला. शिंगाला त्याल लावलंस. दलालाचं पोर हायस तू." ते बोलत होते ते रागानं नव्हे, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं. "तुज्या आज्ज्याच्या वक्तापास्नं लोक लंगड्या बैलाला अफू चारून आनायचे. दिसभर ताठ उभा ऱ्हायचा. घरी नेला की रातीत बसायचा. अशी किती जनावरं म्या घेनाऱ्याच्या दावणीची सोडून माघारी आनून दिली, इचार मुबारकला."

"पन आता तर डॉक्टरनीच लिवून दिली ना गोळी!" बिरू त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "चोरीची न्हाई, काय न्हाई. घ्यायची आन् रईवारी उभं ऱ्हायचं. हात थांबतोय तात्या! मुबारकभाई वाट बघत्यात. कुनाला काय कळनार हाय?"

तात्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"उठ," ते म्हणाले. "पारूला भूक लागली आसंल."

रजा टाकून मीही त्यांच्याबरोबर गावी गेले. शनिवारपर्यंत त्यांनी गोळी वेळेवर घेतली. दाढी स्वतः केली, शेजारच्या पोराला गोफण वळून दिली. बिरू गोठ्यात शीळ घालू लागला. रविवारी सकाळी मी पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन गेले तेव्हा तात्या फेटा बांधायचा प्रयत्न करत होते. फेट्याचं टोक त्यांच्या बोटांतून पुन्हा पुन्हा सुटत होतं.

"आज नगं," ते म्हणाले.

"तात्या, डॉक्टर म्हणाल्या चुकवायची नाही."

"उद्या घिईन. तेवढं फेट्याचं बघ."

मी फेटा बांधला. बिरू दारात उभा होता. त्यानं पाहिलं, आणि तोंड फिरवून बाहेर गेला.

बाजारात मुबारक मुलाणी आधीच येऊन थांबले होते. सावंतांची जोडी पांढरीशुभ्र, अंगावर माशी बसू न देणारी. तात्या गर्दीतून येताना दिसले तसे ते पुढे धावले, आणि मग त्यांची चाल मंदावली. तात्यांचे पाय मातीतून घासत येत होते. उजवा हात कमरेशी दुमडला होता आणि आपल्याच नादात कसलंतरी अदृश्य धान्य पाखडत होता.

"या, तात्या," मुबारकभाई म्हणाले, आणि सवयीनं त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. तो त्यांनी पुढे धरला. रुमाल त्यांच्या हातात लोंबत राहिला.

तात्यांनी तो बाजूला सारला.

"आधी जनावर बघावं," ते म्हणाले, "मग हात घालावा."

आणि त्यांनी आपला हात पुढे केला. उघडा, उन्हात, सगळ्यांच्या देखत. ज्या हाताला आयुष्यभर कापडाआडच बोलायची सवय होती, तो आता पानासारखा हलत होता, आणि भोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो वाचता येत होता. कडं हळूहळू दाटलं. बैलाच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली आणि थांबली. मुबारकभाई त्या हाताकडे पाहत होते. मला वाटलं, धरतील. त्यांचा हात निम्म्यापर्यंत आलाही.

मग त्यांनी रुमालाची घडी घातली आणि खांद्यावर ठेवली.

"तब्येत कशी हाय, तात्या?" ते म्हणाले.

तात्यांच्या सगळ्या बाजारांत मी कुणाला त्यांची तब्येत विचारताना ऐकलं नव्हतं. बाजारात भाव विचारतात. मुबारकभाईंनी वाट मोकळी करून दिली तसे बाकीचेही पुढे आले, एकेक करून, टोपी सारखी करत, आवाज खाली आणून. जेवण जातं का? झोप येते का? पोरगी पुण्याहून आली वाटतं, बरं झालं. तिकडे जोडीपाशी दुसरा दलाल येऊन उभा राहिला होता आणि सावंत त्याच्याकडे वळले होते.

"बरी हाय," तात्या प्रत्येकाला सांगत होते. "बरी हाय की."

हात त्यांनी मागे घेतला नव्हता.